सांगलीचं ऊन, महाबळेश्वरची थंडी: स्कूटरला एलएफपी घ्यावी की एनएमसी?

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची ठरली की पहिला प्रश्न हाच येतो, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), आणि शोरूमवाले किंमत नाहीतर रेंज सांगून मोकळे होतात, पण दोन्ही बॅटऱ्यांत एनोडला, म्हणजे निगेटिव्ह बाजूला, बहुतेक ग्राफाईटच असतं बघा, आणि तापमानाचा मोठा मार तेच खातं. फरक आहे तो पॉझिटिव्ह बाजूचा. त्यामुळे गाडी कुठं उभी राहणार हे आधी ठरवा.

चार्जिंगला लावलं की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, ग्राफाईटच्या थरांमध्ये शिरून बसतात. ग्राफाईटवर एक पातळ पापुद्रा असतो, एसईआय म्हणतात त्याला, तो हवाच, नाहीतर इलेक्ट्रोलाईट (आयन ज्यातून ये-जा करतात तो द्रव) सतत खराब होत राहील. पण गरमीत हा पापुद्रा जाड होत जातो आणि त्यात थोडंथोडं लिथियम कायमचं अडकतं, ते परत कामाला येत नाही. ढोबळ हिशोब असा की 10 अंश वाढले की ही झीज जवळपास दुप्पट वेगानं होते. आता सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या आसपास, त्यात गाडी दिवसभर मार्केट यार्डात पत्र्याच्या शेडखाली, आणि बॅटरी 100 टक्के भरलेली, म्हणजे ग्राफाईट लिथियमनं गच्च, यापेक्षा वाईट अवस्था नाही.

एनएमसीत मँगनीज असतं, ते गरमीत थोडं विरघळून ग्राफाईटपर्यंत येतं आणि तो पापुद्राच बिघडवतं. एलएफपीत मँगनीजची ही भानगड नाही, शिवाय ती पेट घ्यायला जास्त तापमान लागतं. तेवढ्याच रेंजला वजन जास्त होतं, मान्य, पण सांगली-मिरज रोजची ये-जा करणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो? सांगली, मिरज, तासगावकडं मी डोळे झाकून एलएफपी सांगेन. तिला अधूनमधून फुल चार्ज मात्र करा, नाहीतर टक्केवारी चुकीची दाखवते. एनएमसी असेल तर रोज 80 पर्यंतच भरा.

वरच्या अंगाला गोष्ट वेगळी. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर डिसेंबर-जानेवारीत दव गोठतं. थंडीत रेंज कमी होते ती तात्पुरती, ऊन पडलं की परत येते, पण चार्जिंगचं तसं नाही. आयन ग्राफाईटमध्ये हळू शिरतात, आणि ग्राफाईटचं व्होल्टेज धातूच्या लिथियमपेक्षा जेमतेम 0.1 व्होल्टनं वर असतं, म्हणून गारठलेल्या बॅटरीला फास्ट चार्जर लावला की लिथियम आत न जाता वरच धातू होऊन साठतं. त्यातलं बरंचसं कायमचं वाया जातं, आणि सुईसारखे कोंब वाढले तर आत शॉर्टसुद्धा होऊ शकतो. म्हणूनच बहुतेक सेलवाले चार्जिंगसाठी 0 ते 45 अंश सांगतात, चालवायला मात्र उणे 20 पर्यंत चालतं.

थंडीत एलएफपी एनएमसीपेक्षा जास्त ढेपाळते, त्यामुळे पाचगणी-महाबळेश्वरला गाडी रात्री उघड्यावर राहणार असेल तर एनएमसी बरी. घरात लावायची सोय असेल तर एलएफपीसुद्धा चालेल, कडक थंडी काही आठवड्यांचीच असते. साताऱ्यात राहून कधीमधी यवतेश्वर-कास करणाऱ्यांनी एलएफपीच घ्यावी.

घाटवाल्यांना एक सांगायचं राहिलं, उतारावर रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे वेग कमी करताना मोटरनं वीज बनवून बॅटरीत भरणं, हेही चार्जिंगच. पहाटे फुल चार्ज करून गार गाडीनं पसरणी घाट उतरायला लागलात तर बऱ्याच गाड्या हे ब्रेकिंग कमी करतात किंवा बंदच करतात आणि नेहमीची ओढ लागत नाही, नवख्याचा गोंधळ उडतो, म्हणून 85-90 टक्केच भरून निघा.

ग्राफाईटऐवजी टायटेनेटचा एनोड असलेल्या बॅटऱ्यांना ही थंडीतली अडचण नाही पण त्या जड आणि महाग, स्कूटरसाठी विचार करू नका.

पैसे भरायच्या आधी शोरूममध्ये एवढंच विचारा की पॅक किती अंशांच्या वर आणि किती अंशांच्या खाली चार्जिंग थांबवतो, आणि ते वॉरंटीच्या कागदावर दाखवायला सांगा.