अवघड बोल्डर प्रॉब्लेम: दर वेळी खालून ट्राय मारायचा की तुकड्यातुकड्याने मूव्ह बसवायच्या?

थंडी पडली की नाशिकची बरीच क्लाइंबर मंडळी क्रॅशपॅड (पडल्यावर झेलणारी जाड गादी) पाठीला लावून अंजनेरीच्या बाजूला पळतात, आणि जिममधल्या कृत्रिम वॉलवर व्यवस्थित चढणारा माणूस तिथल्या दगडाखाली पहिल्यांदा उभा राहिला की त्याची गाडी एकाच ठिकाणी अडते. प्रॉब्लेम, म्हणजे दोराशिवाय चढायच्या ठेंगण्या दगडावरची ठरलेली वाट, जमत नाहीये, मग दर वेळी खाली बसून केलेल्या सुरुवातीपासून पूर्ण ट्राय मारत राहायचं की मधूनच दगडाला लटकून एकेक मूव्ह, म्हणजे एका पकडीवरून पुढच्या पकडीवर जाणं, सुटी सुटी सोडवायची? दोन्हीकडची मंडळी छातीठोकपणे सांगतात की आमचंच बरोबर. मी तुकडेवाल्यांच्या बाजूचा, पण आपल्या बेसॉल्टवर, आणि तेही काही अटींवर.

आधी खालून चढण्याची बाजू, कारण ती लोक उगाच कमी लेखतात. पहिला ट्राय हा एकदाच मिळतो, म्हणजे होल्ड (पकड) कसा आहे हे हाताला माहीत नसताना चढायची मजा परत येत नाही, त्यामुळे पहिले दोनतीन ट्राय खालूनच मारा, वरचं काही चाचपू नका. प्रॉब्लेम चारपाच मूव्हचा असेल तर तुकडे पाडण्यात तसाही अर्थ नाही, तुकडे पाडेपर्यंत तो होऊन जातो. दुसरं म्हणजे लय. खालून आल्यावर शरीर झुलत झुलत पुढच्या होल्डकडे जातं, तो झोका मधेच लटकून सुरुवात केली तर मिळत नाही, आणि काही मूव्ह त्या झोक्यावरच होतात. क्रक्स, म्हणजे सगळ्यात अवघड जागा, खालच्या दोन मूव्हमध्येच असेल तर प्रश्नच मिटला, खालूनच बसवा.

पण क्रक्स वर असेल तर? समजा सात-आठ मूव्हचा ओव्हरहँग (बाहेर झुकलेला दगड) आहे, पाचवी मूव्ह अडते. खालून दर ट्रायला तुम्ही आधीच्या चार मूव्ह, ज्या येतातच, त्यांच्यावर बोटांची कातडी घासता. घट्ट बेसॉल्टच्या धारा कडक असतात, थंडीत तर बोट कापून निघतं, आणि कातडी संपली की दिवस संपला, ताकद कितीही शिल्लक असो. वर पाचव्या मूव्हला पोचता तेव्हा डोकं विचार करायच्या स्थितीत नसतं, नुसतं हात वर फेकणं चालू असतं. असे लागोपाठ ट्राय मारणारे बघितले की मला वाटतं हे सोडवत नाहीयेत, नशीब आजमावतायत.

तुकड्यांची खरी कमाई पायात आहे. वॉलवर होल्डला रंग असतो, पाय कुठे ठेवायचा ते दिसतं. इथे सगळा दगड काळा-करडा आणि सगळीकडे बारीक कंगोरे, त्यातला नेमका कोणता हे ठरवण्यातच अर्धा प्रॉब्लेम असतो. हात पोचत नाही असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा पाय चुकीचा असतो, एक कंगोरा डावीकडे सरकला की कंबर भिंतीला चिकटते आणि तोच होल्ड एकदम जवळ येतो. टाच अडकवायची की गुडघा आत वळवायचा की पाय नुसता हवेत आडवा सोडून तोल धरायचा, हे ताज्या हातांनी एकाच मूव्हवर पाचसहा पद्धती करून बघितल्याशिवाय कळत नाही. वरच्या होल्डपर्यंत जायला पॅड एकावर एक रचा, नाहीतर दोघांनी कंबरेला आधार देऊन वजन हलकं करा, त्यात कसला कमीपणा नाही.

क्रम मात्र उलटा ठेवा, शेवटापासून. टॉपआउट, म्हणजे दगडाच्या माथ्यावर चढून जाणं, आधी. पाठीमागून चालत वर जाता येत असेल तर जाऊन बघाच, वरच्या कडेवर माती, सुकलेलं गवत, हलणारा दगड काय आहे ते. आपल्याकडे पोकळ्यापोकळ्यांचा बेसॉल्ट भरपूर, त्यात पांढरे झिओलाइटचे खडे भरलेले असतात, दिसायला सुंदर, पण अशा झिजलेल्या थरातली पकड अख्खी हातात येऊ शकते. दमलेल्या हातांनी, सगळ्यात उंचावर, न बघितलेल्या कडेवर मँटल मारणं (तळहातांवर जोर देऊन अंग वर घेणं) ही दोन्ही पद्धतींतली सगळ्यात महागडी चूक. टॉपआउट बसला की त्याच्या एक मूव्ह आधीपासून सुरू करा, मग आणखी एक मूव्ह आधीपासून, असं सरकत सुरुवातीपर्यंत या.

तुकड्यांचा तोटाही तेवढाच खरा आहे. ताज्या हाताने सापडलेली पद्धत दमल्यावर चालेलच असं नाही. खांदा आवळून हळूच वर जाणारी मूव्ह सुटी सुटी एकदम सोपी वाटते, खालून आल्यावर तो खांदा आवळलाच जात नाही आणि छोटी उडी मारणं स्वस्त पडतं. शिवाय सुटं करताना होल्ड निवांत, अंगठा हवा तिथे लावून पकडलेला असतो, चढत येताना तो अर्धवटच हातात येतो. म्हणून कुठलीही मूव्ह दोन मूव्ह आधीपासून करून बघितल्याशिवाय बसली असं धरू नका.

या पद्धतीला कोणी चीटिंग म्हणत असेल तर एवढंच सांगतो, फिनलंडमधलं बर्डन ऑफ ड्रीम्स नावाचं बोल्डर, २०१६ साली नाल्ले हुक्काताईवालने पहिल्यांदा केलं, जगातला पहिला व्ही१७ (व्ही म्हणजे बोल्डरच्या अवघडपणाची मोजपट्टी). २०२३ मध्ये विल बॉसीने ते केलं, तर त्याआधी त्याने दगडाच्या स्कॅनवरून बनवलेल्या नकली होल्डवर घरच्या बाजूला सराव केला होता. म्हणजे माणसं दगडाचे तुकडेच काय, अख्खा दगड घरी आणतात.

मित्राला विचारून किंवा व्हिडिओ बघून बीटा, म्हणजे मूव्ह कशा करायच्या ती माहिती, घेणं हा तिसरा मार्ग, चालतो, फक्त आपल्याच उंचीच्या माणसाचा घ्या. सहा फुटी माणसाची पद्धत पाच फूट तीन इंचवाल्याला शून्य कामाची.

मग निवड कशावर करायची? माझ्या मते हवा, माणसं आणि पॅड, याच क्रमाने. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दगड गार असतो, पकड मस्त मिळते, तो वेळ पूर्ण ट्रायसाठी राखून ठेवा आणि ऊन आल्यावर, पकड गेल्यावर तुकड्यांवर पाय शोधत बसा. मार्चनंतर दगड तापतो, पावसाळ्यात शेवाळ, तेव्हा हा वादच नको. जोर लावून मारलेल्या प्रत्येक ट्रायनंतर तीन ते पाच मिनिटं खरंच बसा, घड्याळ लावून, कारण स्नायूतली झटक्याची ताकद भरून यायला तेवढा वेळ लागतोच. तुकडेवाल्यांनी हे जास्त पाळायला हवं, एकच मूव्ह सोपी वाटून लागोपाठ मारली जाते आणि बोटाची शीर दुखावते.

तुकड्यांमध्ये चॉकच्या (हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीच्या) खुणाही जास्त होतात, जाताना मऊ ब्रशने पुसा, तारेचा ब्रश अजिबात नको. आणि पांडवलेणीच्या कातळावर हात साफ करायची कल्पना डोक्यात आली तर तिथेच सोडा, ते संरक्षित स्मारक आहे. अंजनेरीला कड्यांवर गिधाडांची घरटी असतात, आग्यामोहोळंही असू शकतात, त्यामुळे ट्राय जमला म्हणून बोंबलणं दोन्ही पद्धतींत बंद.

एकटेच असाल, एकच पॅड असेल आणि टॉपआउट उंच असेल तर यातलं काहीच निवडू नका. खालच्या दोनतीन मूव्हवर पाय शोधा, ब्रश मारा, आणि वरचं दुसऱ्या कोणाला घेऊन आल्यावर.