अळवावरच्या पाण्यात गेले ५४,९०० रुपये

लिहायला लाज वाटते. पण गप्प बसलो तर मला द्राक्षाच्या रोगावरचं खोटं औषध विकून गेलेला माणूस उद्या तुमच्या बांधावर उभा राहील. निफाड तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग आहे, बावीस वर्षं छाटण्या करतोय. अडाणी नाही मी. तरी गेलो.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला होता. कोवळी फूट, पानं दिवसभर ओली, डाऊनीच्या, म्हणजे केवडा रोगाच्या, धास्तीनं झोप उडालेली. हे लोक नेमके अशाच वेळी येतात. 'बायोसरफॅक्टंट आहे भाऊ, रॅम्नोलिपिड, साबणासारखंच पण जिवाणूंपासून बनतं.' त्यानं अळूचं पान मागितलं, त्यावर साधं पाणी टाकलं, थेंब गडगडत खाली. मग बाटलीतलं दोन थेंब मिसळलेलं पाणी टाकलं, ते पानभर पसरलं. आम्ही पाचसहा जण तोंडं वासून बघत राहिलो.

त्याच संध्याकाळी शाम्पूची एक रुपयाची पुडी फोडून बघायला काय झालं होतं मला? महिन्यानं फोडली. तस्संच पसरलं. पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल धरून ठेवणारा पाण्याचा ताण, कुठलाही साबण कमी करतो, त्यावरून बाटलीत जिवाणूंचं काही आहे हे कळत नाही.

मेख अशी की तो बोलला ते बरंचसं खरंच होतं. सूडोमोनास जिवाणू रॅम्नोलिपिड तयार करतात, त्यानं पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून ३० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास येतो. डाऊनीचे बीजाणू पाण्यात पोहतात तेव्हा त्यांना पेशीभित्तिका नसते, म्हणून हे त्यांना फोडू शकतं. समुद्रात सांडलेल्या तेलावरही याचे प्रयोग झालेत. पुतणी मायक्रोबायोलॉजी शिकते, तिला फोन लावला तर म्हणाली, 'काका, शास्त्र बरोबर आहे.' शास्त्र बरोबरच होतं हो, बाटली खोटी होती! खरं रॅम्नोलिपिड सहसा पिवळसर-तपकिरी असतं, हे मात्र मी तिला नंतर विचारलं. माझ्याकडचं पाण्यासारखं नितळ, वर लिंबाचा वास.

आणि एक क्षण होता. मी विचारलं, 'भुरीवर?' भुरी म्हणजे द्राक्षावरचा दुसरा बुरशीरोग. तो म्हणाला, 'तेच, बीजाणू फुटतात.' अरे, भुरीला पोहणारे बीजाणू असतातच कुठे? हे मला माहीत होतं. डोक्यात टिचकी वाजली, पण मागे चार जण पाकिटं काढत होते, म्हणून मी गप्प.

१२ लिटर, दर २,८५०, एकूण ३४,२००. वर 'तालुका वितरक' करतो म्हणून १५,००० डिपॉझिट. चुलतभावानं माझ्या शब्दावर दोन बाटल्या घेतल्या, त्याचे ५,७०० मीच भरले. बिल मागितलं तर 'जीएसटी लागेल, कच्ची पावती घ्या ना.' क्यूआर स्कॅन केला तेव्हा पडद्यावर कंपनीचं नाही, कुणा बाईचं नाव आलं. तिथेच फोन खिशात घालायचा. तुम्ही तरी घाला.

नेहमीचं बुरशीनाशक थांबवून चार फवारण्या केल्या. पानांवर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, मग घडांवर. बागेचा हिशोब इथे मांडत नाही, मांडवत नाही.

तक्रारीचं ऐका. कृषी कार्यालयात म्हणाले, लेबलवर कीटकनाशक म्हणून नोंदणी नाही, मग आमच्या कायद्यात बसत नाही. अहो, नोंदणी नसताना डाऊनीचं औषध म्हणून विकलं, हीच तर तक्रार! खताच्या टेबलावर गेलो, तर हे खतही नाही. नमुना घ्या म्हटलं, सात बाटल्या सीलबंद आहेत, तर म्हणे नमुना विक्रेत्याच्या साठ्यातून लागतो. विक्रेत्याचं दुकान कुठाय? मोटारसायकलच्या डिकीत! पोलीस ठाण्यात हवालदारानं बाटली उलटीसुलटी करून विचारलं, 'माल मिळाला ना? मग फसवणूक कशी?' पाच चकरा झाल्या, अर्जाची पोच मिळाली फक्त एका ठिकाणी.

लेबलवर नोंदणी क्रमांक नसेल तर झाकणाला हात लावू नका. नवीन काही असलं तर आधी दोन ओळींवर मारून बघा. एकच बाटली सगळ्या रोगांवर चालते असं कुणी सांगितलं, की उठून चहा टाकायला सांगा आणि परत येऊ नका.

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो फिरत आला. दिंडोरीकडच्या कुणाच्या बांधावर तोच माणूस, हातात अळूचं पान, शेजारी पांढरी बाटली, हिरवं झाकण. तुमच्याकडे आला तर पक्क्या बिलावरून अर्धा तास घोळवा आणि मला लगेच कळवा. मी गाडी काढून येतो.