एमपी-१० की एमपी-४४: कपाटात एकच ऑप्टिमस ठेवायचा असेल तर

ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांच्या मास्टरपीस (एमपी) मालिकेतला ऑप्टिमस प्राइम, म्हणजे ट्रकचा रोबोट होणारा नायक, घ्यायचं ठरवलं की गाडी दोन आकड्यांपाशी येऊन अडते: २०११ चा एमपी-१० आणि २०१९ चा एमपी-४४. दोन्ही टाकारा टोमी या जपानी कंपनीचे, दोन्ही ट्रेलरसकट, उंचीतही डोळ्यांत भरेल असा फरक नाही. किमतीत मात्र भरपूर आहे. नवे आले तेव्हा ४४ चा भाव १० च्या दुपटीहून जास्त होता. दोन्ही काही काळ माझ्याकडे एकाच फळीवर उभे होते. आता एकच आहे. तो कोणता हे शेवटपर्यंत लपवून ठेवण्यात अर्थ नाही, लिहिण्याच्या ओघात ते कळेलच. पण तुमची आवड माझ्यासारखीच असेल असं नाही, म्हणून दुसऱ्याची बाजूही नीट मांडतो.

दोघांची तुलना करताना बरेच जण जुना आणि नवा, म्हणजे साधा आणि सुधारलेला, असा हिशेब करतात. मला तो पटत नाही. हे दोन वेगळ्या गोष्टींचे पुतळे आहेत. मूळ खेळणं १९८३ चं, टाकाराच्या डायाक्लोन मालिकेतलं ‘बॅटल कॉन्व्हॉय’. हास्ब्रो या अमेरिकी कंपनीने ते घेतलं आणि १९८४ मध्ये ऑप्टिमस प्राइम म्हणून बाजारात आणलं. त्याच सुमारास आलेल्या कार्टूनमध्ये चित्रकारांनी त्याला सोपं केलं: रेषा कमी, अंग गुळगुळीत, चाकं आणि सांधे शक्य तिथे गायब. तेव्हापासून ऑप्टिमस दोन आहेत, एक हातातला आणि एक पडद्यावरचा. एमपी-१० हातातल्याकडे झुकतो आणि पडद्यावरच्याला मान देतो. एमपी-४४ सरळ पडद्यावरचाच आहे, चित्र जसंच्या तसं उचलून उभं केलेलं.

त्यामुळे तुमच्या फळीवर आधीपासून कोण उभं आहे, हा प्रश्न आधी सोडवा. २००३ चा एमपी-१ भरपूर धातूचा आणि आकाराने इतका मोठा होता की त्याच्या मापाच्या मोटारी शेजारी उभ्या करणं अवघडच. एमपी-१० चा आकार कमी केला आणि मग त्या मापात मोटारी येऊ लागल्या. २०१२ मध्ये एमपी-१२ लॅम्बॉर (जपानबाहेर ज्याला साइडस्वाइप म्हणतात तो रोबोट) खऱ्या लॅम्बोर्गिनी काउंटाशच्या रूपात आला. पुढे एमपी-१७ प्राउल निसान फेअरलेडीच्या रूपात आला. या मोटारी आधी मोटारी आहेत, मग रोबोट. त्यांच्या रांगेत एमपी-१० घरचाच वाटतो. २०१७ चा एमपी-३६ मेगाट्रॉन, म्हणजे ऑप्टिमसचा कट्टर शत्रू, आला तेव्हा मालिकेने वळण घेतलं. कार्टूनशी इमान हा पहिला नियम झाला. ज्यांच्याकडे ३६ आहे त्यांनी त्याच्यासमोर १० ठेवून पाहावा. दोघं वेगवेगळ्या घरांतले दिसतात. तिथे ४४ च शोभतो, यात वाद नाही.

रोबोट म्हणून नुसतं उभं राहण्यात ४४ उजवा आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करतो. कुठल्याही बाजूने बघा, ट्रकचा एखादा तुकडा पाठीवर किंवा हातावर लोंबताना फारसा दिसत नाही. मान, कंबर, घोटा, सगळीकडे हालचाल भरपूर. चेहरे बदलता येतात. एका हातात एनर्जॉनची (कार्टूनमधल्या ऊर्जेची) कुऱ्हाड, पाठीवर उडण्याचा संच, गुडघा थोडा वाकवलेला, की फोटो काढणाऱ्याचं काम झालं. एमपी-१० हातात बंदूक घेऊन ताठ उभा राहतो तेव्हा सुरेख दिसतो, पण नाटकी पवित्र्यांत त्याची सोबत लवकर संपते. तुम्ही फोटोंसाठी गोळा करत असाल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. ४४ घ्या.

ट्रकच्या रूपात मला पारडं थोडं उलटं झुकलेलं वाटतं. १० ची केबिन ट्रकसारखी दिसते: धुराड्यांची चमक, पुढची जाळी, काचा, टाकी, सगळं बारकाईने केलेलं. ४४ ची केबिन कार्टूनमधल्यासारखी गुळगुळीत आहे. कुणी म्हणेल हाच तर तिचा गुण. असेल. मला ट्रक बघताना रस्त्यावरचा ट्रक आठवायला हवा.

पण माझा निर्णय यातल्या कशानेच झाला नाही. तो झाला एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्याच्या वाटेवर.

एमपी-१० बदलायला सूचनापत्रक पहिल्या एक-दोन वेळांपुरतंच लागतं. मुठी मनगटातून आत वळतात. डोकं खाली जाऊन लपतं. दंड बाजूला बसतात, पाय एकमेकांना चिकटून ट्रकचा मागचा भाग होतात. प्रत्येक टप्प्यावर हाताला कळतं की इथे जायचं आणि इथे थांबायचं. टॅब आत जातो तेव्हाचा छोटा ‘टक्’ बोटांना आधी जाणवतो, कानांना नंतर. संध्याकाळी फोनवर बोलता बोलता मी त्याचा ट्रक करतो आणि बोलणं संपेपर्यंत परत रोबोट केलेला असतो. हे मुद्दाम ठरवून होत नाही. तो फळीवर आहे, हात जातो.

एमपी-४४ चं तसं नाही. अंगावर ट्रकचा मागमूस दिसू द्यायचा नाही, म्हणून तो सगळा ट्रक घड्या घालून पोटात, पाठीत, पायांत दडवलेला आहे. एका पॅनेलच्या आत दुसरं, त्याच्या बिजागरीला तिसरं. कल्पकता अशी की पहिल्यांदा उलगडताना मी थक्क झालो, आणि ज्याने हे कागदावर आखलं त्याच्याबद्दलचा तो आदर आजही आहे. अडचण येते परतीच्या वाटेवर. ती पॅनेलं निऱ्यांसारखी आहेत. एक जरा तिरकी बसली की शेवटची बसतच नाही, आणि मग मागे जाऊन पहिल्यापासून जुळवत यावं लागतं. टेबल मोकळं हवं, उजेड चांगला हवा, नखं बेताची हवीत, आणि मधे कुणी हाक मारू नये. रंगवलेल्या पृष्ठभागावरून दुसरा पृष्ठभाग सरकतो तेव्हा ओरखड्याच्या भीतीने श्वास रोखला जातो. हा दोष आहे असं मी म्हणणार नाही. माझा नग चोख होता, सगळं बसायचं तिथे बसत होतं. जे दाखवायचं ठरवलं, त्याची ही किंमत आहे.

पण त्या किमतीचा परिणाम असा झाला की त्याला बदलायचं म्हटलं की जिवावर येऊ लागलं. सुट्टीच्या दिवशी सवडीने करू, असं म्हणत तो महिनोन्‌महिने रोबोटच राहिला. त्याचा ट्रेलर वरच्या फळीवर रिकामा, आणि ज्याने ओढायचा तो खाली उभा. मी रूप बदलणारा रोबोट घेतला होता. घरात होता तो अतिशय देखणा, न बदलणारा पुतळा. हे एकदा मनात आलं ते काही केल्या जाईना, आणि काही दिवसांनी ४४ दुसऱ्या एका संग्राहकाच्या घरी गेला. तो फोटो काढतो, मेगाट्रॉनसमोर त्याला उभा करतो. तिथे त्याची चांगली बूज राखली जाते.

याला उलट बाजू आहे, तीही सांगायला हवी. काही जणांना तेच अवघड वळण हवं असतं. रविवारी दुपारी सूचनापत्रक पसरून, चहा बाजूला निववत, एकेक घडी सोडवत बसणं हाच त्यांचा आनंद. त्यांना १० सोपा वाटेल, कदाचित लवकर संपल्यासारखा वाटेल. अशांपैकी तुम्ही असाल तर माझी तक्रार तुमच्यासाठी शिफारस आहे.

धूळ आणि हवा हा भाग जपानी किंवा अमेरिकी परीक्षणांत सापडणार नाही, आणि आपल्याकडे तो महत्त्वाचा आहे. जितक्या फटी जास्त, तितकी धूळ जास्त. काचेच्या कपाटातही पंख्याची बारीक धूळ शिरतेच. १० मऊ ब्रशने दोन मिनिटांत साफ होतो. ४४ च्या फटींतून ती काढायला तो अर्धा उलगडावा लागायचा, म्हणजे परत तेच. मुंबई किंवा कोकणपट्टीत राहत असाल तर पावसाळ्यात खोक्याला बुरशी धरते आणि स्क्रू-पिना गंजण्याची भीती असते. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवा आणि वेळेवर बदला. थेट ऊन लागणारी फळी दोघांनाही नको. फिकट रंगाचं प्लॅस्टिक उन्हाने पिवळं पडतं आणि ते परत आणणं कठीण. ट्रेलरसाठी कपाटाची खोली आधी मोजून घ्या. ट्रेलर जोडलेला ट्रक आपल्याकडच्या बऱ्याच शोकेसमध्ये आडवाच ठेवावा लागतो, आणि आडवा ठेवला की अर्धी फळी त्याचीच.

मिळण्याबद्दल. मास्टरपीस आपल्या दुकानांत आधीही क्वचितच दिसायचे. त्यात २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांसाठी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) प्रमाणपत्राची अट आली. दुकानदाराने असा महाग माल मागवून ठेवावा ही अपेक्षा आता फार झाली. म्हणून बहुतेक जण जपानमधून मागवतात किंवा इथल्याच संग्राहकाकडून घेतात. मंदाराकेसारख्या जपानी दुकानांतल्या जुन्या वस्तूंची अवस्था सहसा प्रामाणिकपणे लिहिलेली असते. खोक्याचा कोपरा दबलेला असेल तर तेही लिहितात. किमतीवर पोस्टेज आणि कस्टम्स धरूनच हिशेब करा. ४४ जड खोक्यात येतो, त्यामुळे हा वरचा खर्चही त्याच्याच अंगावर जास्त पडतो.

एमपी-१० घेताना एक सावधगिरी हवी. याच्या नकला, म्हणजे संग्राहकांच्या भाषेतले केओ, अफाट आहेत. काही मूळ मापाचे, काही मुद्दाम मोठे केलेले आणि धातू वाढवलेले. भाव फारच गोड वाटला तर तो मूळ नाही असंच समजा. विकणाऱ्याकडे अंगावर कोरलेल्या हक्काच्या मजकुराचा जवळून काढलेला फोटो मागा. सेकंडहँड असेल तर धुराडी शाबूत आहेत का बघा, ती सगळ्यांत आधी दुखावतात. मग छाती उघडून मॅट्रिक्स, म्हणजे तिथे बसणारा छोटा सुटा भाग, आत आहे का विचारा. तो इतका लहान आहे की एका घरातून दुसऱ्या घरात जाताना हरवलेला असू शकतो. रोलर गाडी, कुऱ्हाड, बंदूक आणि कार्टूनमधल्या स्पाइक या मुलाची छोटी बाहुली यांची यादी लिहून विचारलेली बरी. सांधे सैल आहेत का हे फोटोत कळत नाही. बंदूक धरून हात पुढे केलेला एक छोटा व्हिडिओ मागितला की लगेच कळतं.

या दोघांपलीकडे कुणी काही सुचवलं तर थोडक्यात. २०२४ मध्ये आलेला मिसिंग लिंक मालिकेतला कॉन्व्हॉय (ऑप्टिमसचं जपानी नाव) म्हणजे १९८४ चंच खेळणं, पण नव्या सांध्यांसह. लहान जागेत राहणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा, मलाही तो मोहात पाडतो. २०२१ चा रोबोसेनचा ऑप्टिमस आवाजी हुकमावर आपला आपण बदलतो. तंत्र म्हणून ते विलक्षण आहे. पण बदलण्याचं काम त्यानेच केलं तर माझ्या हातांना काय उरलं?

तर कपाटात मेगाट्रॉन एमपी-३६ असेल, किंवा कॅमेरा हाच तुमचा खरा छंद असेल, तर पैसे साठवून ४४ घ्या, पस्तावणार नाही. बाकीच्यांनी, माझ्या मते, एमपी-१० घ्यावा. मूळ, पूर्ण, ट्रेलरसकट. ४४ च्या मानाने जे पैसे वाचतील त्यांत एमपी-१२ शोधा. तो मोटारीच्या रूपात १० च्या ट्रेलरमध्ये बसतो.