मूळ संख्यांच्या प्रकल्पासाठी पाया कोणता निवडावा: दोन, सहा, दहा की बारा?

नौपाड्यात रविवारी माझ्याकडे गणितासाठी येणाऱ्या नववीच्या मुलांना शाळेच्या प्रदर्शनाचा तक्ता करायचा आहे आणि मूळ संख्या कोणत्या पायात मांडाव्यात यावर त्यांचे एकमत होत नाही. पाया म्हणजे संख्या लिहायला किती अंक वापरायचे ते: दशमानात दहा, द्विमानात ० आणि १ हे दोन, सहाच्या पायात ० ते ५ हे सहा. पाया बदलल्याने मूळ संख्या संयुक्त होत नाही. ९७ ही संख्या द्विमान पद्धतीत ११००००१, सहाच्या पायात २४१ आणि बाराच्या पायात ८१ अशी लिहिली, तरी ती मूळच राहते. बदलतो तो अंकांवरून तिच्याविषयी काय ओळखता येईल एवढाच भाग, आणि निवड त्यावरच करावी.

द्विमान पद्धती संगणकामुळे आकर्षक वाटते, परंतु दोन सोडून प्रत्येक मूळ संख्येच्या शेवटी १ येतो, म्हणजे सम-विषम याखेरीज शेवटचा अंक काहीच सांगत नाही. तक्त्यावर लांबलचक रांगा मात्र होतात.

दशमानात २ आणि ५ वगळता मूळ संख्येचा एकक अंक १, ३, ७ किंवा ९ असतो. सहाच्या पायात २ आणि ३ वगळता तो केवळ १ किंवा ५ असतो. चौकटीच्या वहीत सहा-सहाच्या ओळींत संख्या लिहून मुलांनी चाळणी लावली, म्हणजे मूळ संख्यांच्या पटी खोडल्या, तेव्हा पहिल्या ओळीखाली फक्त पहिला आणि पाचवा हे दोनच उभे स्तंभ उरले. अर्थात या स्तंभांतील प्रत्येक संख्या मूळ नसते: ४१ म्हणजे आपले २५. पण अशा संख्या पकडण्याची सोयही याच पायात आहे, कारण अंकांची बेरीज पाचाने भागली गेली तर संख्या पाचाने भागली जाते आणि एकाआड एक अंकांच्या बेरजांतील फरक शून्य किंवा सातच्या पटीत आला तर ती सातने भागली जाते. दशमानातील ९१ भल्याभल्यांना मूळ वाटते; सहाच्या पायात ती २३१ होते, २ − ३ + १ = ० येते आणि सोंग उघडे पडते. १२० पर्यंतची कोणतीही संख्या तपासायला २, ३, ५ आणि ७ पुरेसे असल्याने एवढ्या पल्ल्यात भागाकार करावाच लागत नाही.

बाराच्या पायात एकक स्थानी १, ५, ७ आणि अकरा उरतात, म्हणजे गाळणी सहाइतकीच बारीक, पण दहा आणि अकरासाठी दोन नवी चिन्हे लागतात आणि ५ व ७ यांच्या कसोट्या अवघड होतात. मी हा पाया घेणार नाही.

द्विमानाची खरी श्रीमंती सगळे अंक १ असलेल्या संख्यांत आहे: ११, १११, १११११ (म्हणजे ३, ७, ३१) या मूळ आहेत, मात्र अकरा वेळा १ लिहिल्यावर मिळणारी २०४७ ही २३ × ८९ निघते. दशमानात ११ नंतरच्या अशा मूळ संख्येसाठी थेट एकोणीस वेळा १ लिहावे लागते, आणि नऊच्या पायात अशी एकही मूळ संख्या नाही. ज्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले त्या गणिती द. रा. कापरेकरांनी सगळे अंक १ असलेल्या संख्यांच्या वर्गांना, ती कल्पना तेव्हा डेम्लो म्हटल्या जाणाऱ्या डोंबिवली स्थानकावर सुचली म्हणून, ‘डेम्लो’ नाव दिले. १११ चा वर्ग १२३२१ दशमानाप्रमाणे सहाच्या पायातही येतो. द्विमानात मात्र हातच्यामुळे तो ११०००१ होतो. शिवाय दशमानातील १११ ही ३ × ३७ आहे, तर सहाच्या पायातील १११, म्हणजे ४३, मूळ आहे.

म्हणून तक्ता हाताने करायचा असेल तर सहा, आणि संगणकावर मोठ्या संख्या शोधायच्या असतील तर दोन घ्यावा. सहाचा पाया घेतल्यास १११ चा उच्चार ‘एकशे अकरा’ न करता ‘एक-एक-एक’ असा करावा; आमच्याकडील निम्मा गोंधळ त्या उच्चारानेच झाला होता.