लेह केलंय ह्या बॅगेवर!

बॅग २,६५० रुपयांची. तिच्यापायी भिजलेला लॅपटॉप दुरुस्त करायला ११,४०० लागले, आणि तो लॅपटॉप माझा नव्हता, कंपनीचा होता. हे आधीच सांगतो, म्हणजे एवढ्याशा बॅगेचं काय घेऊन बसलाय असं कुणाला वाटायला नको.

माझं काम पीएलसी आणि ड्राइव्हच्या, म्हणजे कारखान्यातली यंत्रं आणि मोटारी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पॅनेलची सर्व्हिसिंग. एरवी कोल्हापूरच्या आसपास शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असं एमआयडीसीत फिरणं असतं. पावसाळ्यात साखर कारखान्यांचं गाळप बंद असतं आणि त्यांची दुरुस्तीची कामं तेव्हाच निघतात. म्हणजे ऐन मुसळधार पावसात लांबच्या फेऱ्या, त्याही मोटारसायकलवर. पाठीवर लॅपटॉप, केबली, मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हरचा संच. कॉलेजपासून वापरलेल्या सॅकची चेन मे महिन्यात गेली, तेव्हा म्हटलं आता एकदाच चांगली, खास रायडिंगची बॅग घ्यावी.

पहिल्यांदा राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. तिथल्या माणसाने ५,४०० ची एक बॅग दाखवली, पाठीवर चढवायला लावली, छातीचा आणि कमरेचा पट्टा लावून दिला. मग म्हणाला, "आता हेल्मेट घाला आणि मान वर करून बघा." बॅग उंच असली की हेल्मेटची मागची कड तिच्यावर आपटते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मग खाली नेऊन गाडीवर बसवलं. बॅगेचा तळ मागच्या सीटवर जरासा टेकला, तर खांद्यावरचं ओझं उतरतं म्हणाला. पट्ट्यांची लोंबणारी टोकं गुंडाळून रबरात अडकवून दाखवली, कारण ती वाऱ्यावर फडफडतात आणि कधी चाकाकडे जातील सांगता येत नाही. इतकं झाल्यावर मी विचारलं, वॉटरप्रूफ आहे ना?

"नाही साहेब. कापड पाणी सोसतंय, पण शिवण आली की सुईची भोकं आली. आपल्या पावसात आत ओल येणार. कव्हर घ्या, आणि लॅपटॉप आत पिशवीत घालून ठेवा."

मला रागच आला. साडेपाच हजार मोजायचे आणि वर पिशवी आपणच आणायची? विचार करून सांगतो म्हटलं आणि बाहेर पडलो.

त्याच आठवड्यात शाहूपुरीतल्या एका हॉलवर फ्लेक्स लागला. रायडिंगचा एक्स्पोर्ट सरप्लस माल, फक्त पाच दिवस. आत जॅकेटं, हातमोजे, बूट आणि एका भिंतीला नुसत्या बॅगा टांगलेल्या. मी हात लावलेल्या बॅगेच्या पुठ्ठ्यावर काय नव्हतं ते विचारा. १६८० डी कापड, कॉर्ड्युरा ह्या नावाजलेल्या ब्रँडचं चिवट कापड, वायकेके ह्या नामांकित जपानी कंपनीची चेन, सीई लेव्हल २ बॅक प्रोटेक्टर, शंभर टक्के वॉटरप्रूफ. छापील किंमत ७,९९९, त्यावर लाल फुली.

विकणाऱ्याने प्रयोग करून दाखवला. आत टिश्यू पेपर ठेवला, चेन लावली आणि तांब्याभर पाणी बॅगेच्या पुढच्या बाजूला ओतलं. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं ते घरंगळलं. टिश्यू काढून माझ्या हातात दिला, कोरडा. आता वाटतं, तेव्हाच म्हणायला हवं होतं की बाबा, जरा मागच्या बाजूला ओत, पट्टा जिथं शिवलाय तिथं ओत, आणि पाच सेकंद नाही, पाच मिनिटं ओत. नव्या कापडावर पाणी न धरणारा लेप असतोच. त्यावर तांब्याभर पाणी थोडा वेळ सगळंच सोसतं.

तरीही सांगतो, त्या विकणाऱ्यावर माझा विश्वास बसला नव्हता. त्याने ३,२०० सांगितले आणि मी बॅग परत खुंटीला अडकवली. फसवलं ते शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने.

रायडिंगचं जॅकेट, हातात हेल्मेट, पायात घोट्याच्या वर येणारे बूट, बोलणं आपल्या पेठेतलं. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "भावा, डोळे झाकून घे. लेह केलंय ह्या बॅगेवर. खारदुंगला पाऊस, बर्फ, सगळं खाल्लंय हिनं. आतली चड्डीसुद्धा भिजली नाय." मग माझी गाडी कुठली, काम कुठं, सगळी चौकशी केली. गगनबावड्याकडे जायचं म्हटल्यावर त्याने मान हलवली, "मग तर ही पायजेच." आणि विकणाऱ्याकडे वळून माझ्या वतीने भांडलासुद्धा. "ओ, आपला माणूस हाय, बत्तीसशे काय सांगताय? साडेसव्वीसशेला सोडा." तो कुरकुरला, हा अडून राहिला, शेवटी सोडली. मी त्या जॅकेटवाल्याचे आभार मानले, आणि चहाला चला म्हणालो! तो म्हणाला, नको, अजून जरा बघतो.

पैसे क्यूआरवर दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणा एका माणसाचं नाव आलं, तेही खटकलं नाही. कागद मिळाला त्यावर 'अंदाजपत्रक' असं छापलेलं, जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सातला निघालो. फुलेवाडीपर्यंत भुरभुर, बालिंग्याचा पूल ओलांडला आणि पावसाने धरलं. त्या रस्त्याचा पाऊस ज्याने अंगावर घेतलाय त्याला सांगायला नको. कळे गावाच्या अलीकडे बॅग डाव्या बाजूला ओढायला लागली. वाटलं, सामान सरकलं असेल. नंतर पाठीवर पाणी हिंदकळल्यासारखं झालं. खरंच हिंदकळत होतं. एका चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली थांबून बॅग उघडली, तर तळाला दोन बोटं पाणी आणि त्यात लॅपटॉप उभा.

इथं जरा थांबून सांगण्यासारखं आहे. पाणी चेनमधून फारसं आलं नव्हतं. ते आलं पाठीकडून. रेनकोटवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि बॅग यांच्या मध्ये साचतं, आणि तिथंच पट्ट्यांच्या, गादीच्या शिवणी असतात. शिवणींना आतून टेप लावलेला नव्हता. पण कापडाला आतून लेप होता, त्यामुळे भोकांतून आलेलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती. माझी जुनी सॅक गळायची, पण दोन्हीकडून गळायची. ह्या बॅगेची बादली झाली होती. डावा पट्टा वरच्या शिवणीतून निम्मा उसवला होता, तो वेगळाच.

टपरीवाल्या मामांनी काही न बोलता आतून एक पिशवी आणून दिली. खताच्या पोत्याच्या आत असते ना, जाड पारदर्शक प्लॅस्टिकची, ती. "ह्यात घाला आन् तोंड पिळून बांधा." मल्टिमीटर, केबली, कागद त्यात घातले. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यातला कागदसुद्धा ओला झाला नाही. लॅपटॉप मात्र कारखान्यात पोहोचल्यावर चालूच झाला नाही आणि दिवसाचं काम बुडालं. साहेब काय बोलले ते लिहीत नाही.

पट्टा शिवायला म्हणून बॅग जवाहरनगरात चपलांचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडे नेली. त्यांनी बॅग उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि हसले. "साहेब, हे शिवल्यालं न्हाई. हे नुसतं टाचलंय." पट्टा शिवणीत जेमतेम पाव इंच गेला होता, त्यावर ना आडवी घट्ट टाचणी ना मागे जादा कापडाचा तुकडा. दोरा ओढून त्यांनी काडी लावली. "नायलॉनचा दोरा वितळून त्याचा मणी होतोय. ह्यो बघा, कागदागत जळला. सुती हाय. भिजून वाळून कुजणारच की." मग मी म्हटलं, आता पाठीची गादीही फाडा. त्यात निघाला टीव्हीच्या खोक्यात येतो तसला पांढरा फोम. हाच सीई लेव्हल २ चा प्रोटेक्टर!

ह्या शब्दाला भुलून पैसे देणारे खूप असतील म्हणून सांगतो. पाठीच्या प्रोटेक्टरची युरोपीय चाचणी ईएन १६२१-२ ह्या क्रमांकाची. आदळल्यावर पलीकडे पोहोचणारा जोर सरासरी १८ किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल १, ९ च्या आत राहिला तर लेव्हल २. खऱ्या प्रोटेक्टरच्या तुकड्यावरच हा क्रमांक, लेव्हल आणि मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र छापलेलं असतं. नुसत्या पुठ्ठ्यावर 'सीई' लिहायला छापखाना पुरतो. आणि मी त्या भरवशावर पाठीवर काय वागवत होतो? लोखंडी स्क्रूड्रायव्हर. पडलो असतो तर तेच मणक्यात घुसले असते. आता हत्यारं टाकीवरच्या बॅगेत असतात.

१६८० डीचं कोडं इचलकरंजीच्या मित्राने सोडवलं. त्याच्या घरी तीन पिढ्या माग आहेत. डी म्हणजे डेनिअर, ९,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. "तुमच्या सुती काउंटला आकडा वाढला की सूत बारीक, डेनिअरला आकडा वाढला की जाड. पण जाड म्हणजे चांगलं असं कुठं हाय? नायलॉन हाय का पॉलिस्टर, ते आकडा सांगत न्हाई." कॉर्ड्युरा म्हणावी असलं त्यात काहीच नव्हतं, साधं पॉलिस्टर. चेनची गंमत मी स्वतः शोधली. चष्मा लावून बघितलं तर सरकत्या तुकड्यावर वायकेके नव्हतं, वायकेआर होतं.

हॉलवर गेलो तेव्हा तिथं बारशाचा मांडव होता. हॉलमालक म्हणाले, पाच दिवसांचं भाडं रोख देऊन गेले. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, बिल आहे का? विक्रेत्याचं नाव, पत्ता? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे न देणं हीसुद्धा. हक्क सगळे होते, फक्त ते बजावायचे कुणावर हे माझ्याकडच्या कागदावर नव्हतं. बॅगेच्या पुठ्ठ्यावर उत्पादकाचा पत्ता म्हणून एवढंच होतं, मुंबई. तक्रारीसाठी दिलेला मोबाईल नंबर मोजला तर नऊ आकडी. हे मोजायला दुकानात दहा सेकंद लागले असते. बिलावरचा जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि तो खरा की खोटा हे गल्ल्यासमोर उभं राहून मोबाईलवर बघता येतं. हेही नंतर कळलं.

राजारामपुरीतल्या त्या दुकानात परत गेलो. त्याने ओळखलं, पण काही बोलला नाही. तीच बॅग घेतली, पक्कं बिल घेतलं. रेन कव्हर वेगात फुगतं आणि एखाद्या दिवशी उडून जातं, म्हणून लॅपटॉप आत खताच्या पिशवीतच असतो. शिवणीऐवजी उष्णतेने जोडलेल्या, तोंड तीनदा गुंडाळून बंद करायच्या बॅगा खऱ्याखुऱ्या पाणी रोखतात. पण त्यातून दिवसात दहा वेळा केबल काढायची म्हणजे वैताग, मला तरी जमल्या नाहीत.

आता उरलेलं सांगतो, जे घरी अजून सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये कुपवाडला काम होतं. परत येताना सांगलीत तोच फ्लेक्स दिसला. आत गेलो. तोच तांब्या, तोच टिश्यू पेपर. एक कॉलेजचा पोरगा आणि त्याचे वडील बॅग बघत होते, आणि शेजारी तेच जॅकेट उभं होतं. बाहेर धो धो पाऊस, जॅकेट ठणठणीत कोरडं. "लेह केलंय ह्या बॅगेवर," तो त्या पोराला सांगत होता.

मी मोठ्याने विचारलं, "गाडी कुठली नेलीवती लेहला?"

त्याने मला ओळखलं. तो गप्प बसला, पण विकणारा लगेच आला, खांद्यावर हात ठेवून मला मागच्या खोलीत घेऊन गेला. पाणी दिलं. काय झालं, किती गेले, विचारलं. भांडण नको म्हणाला आणि पाचशेच्या चार नोटा माझ्या हातात ठेवल्या. लॅपटॉपचे ११,४०० माझ्या पगारातून कापले जात होते. मी नोटा खिशात घातल्या आणि मागच्याच दाराने बाहेर आलो.

गाडी समोरच्या बाजूला लावली होती. हेल्मेट चढवताना काचेतून आत दिसलं. बॅग पोराच्या पाठीवर होती, वडील मोबाईल क्यूआरसमोर धरून उभे होते, आणि तो जॅकेटवाला वाकून पोराच्या छातीचा पट्टा नीट लावून देत होता.