नाताळचा केक: यंदा कयानीच

नगरहून आत्या, दीर-जाऊ आणि त्यांची तीन पोरं नाताळला आमच्याकडे उतरली. करंज्या-चकल्या मी आठवडाभर आधीच करून ठेवल्या होत्या. केक मात्र पुण्याच्या कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीतूनच आणला. गेल्या वर्षी दुसरीकडून आयसिंगवाला केक घरपोच मागवला होता. तो आला खोक्याला चिकटलेला, आणि धाकटी रडून रडून झोपली. तेव्हाच ठरवलं, पुन्हा नाही!

कयानी १९५५ पासूनची इराणी बेकरी. दुपारी बंद असते, म्हणून सकाळीच गाठा. नाताळच्या आठवड्यात रांग लागतेच. मावा केकवर ना क्रीम, ना सजावट. पण सुरी फिरली की खमंग तपकिरी कडेखालचा पिवळसर, ओलसर गर दिसतो आणि खव्याचा वास घरभर पसरतो. दात नसलेल्या आत्यांनी दोन तुकडे मागून घेतले. श्रुसबेरी बिस्किटं लोण्यामुळे इतकी खुसखुशीत की पोरांच्या हातातच चुरा होतो, दुधात बुडवायला तर क्षणभरच मिळतो. गोठ्याच्या देखाव्यातल्या मेंढ्यांसमोरही धाकटीने एक बिस्किट ठेवलं होतं. लहान मुलं घरात असतील तर बिस्किटांचं एक पाकीट जास्तीचंच घ्या.