गल्फच्या किनाऱ्यावर २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर: पूर्ण मोसम वापरल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. २४ फुटी, ३० अँपियरचा, १३,५०० बीटीयूचा एकच एसी असलेला ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) टेक्सासच्या गल्फ, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताच्या, किनाऱ्यावर मार्च ते नोव्हेंबर व्यवस्थित चालतो. पण शोरूममधून आला तसाच नेला, तर पहिल्याच जुलैत गादीखाली बुरशी धरते. गॅल्व्हस्टन, गूज आयलंड आणि मस्टँग आयलंड ही स्टेट पार्क आणि पाद्रे आयलंडचा नॅशनल सीशोअर, एवढ्या ठिकाणच्या वापरावर हे लिहिलं आहे. कोलोरॅडो-युटाच्या कोरड्या हवेतले रिव्ह्यू वाचून ट्रेलर घेऊ नका. तिथलं अर्धं शहाणपण इथे उलटं पडतं.

सगळ्यात मोठा मुद्दा एसीचा. दुपारच्या उन्हाला तो पुरतो, खरा त्रास रात्री होतो. जुलै-ऑगस्टमध्ये गॅल्व्हस्टनला रात्रीही पारा ८० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ सेल्सियसच्या, खाली क्वचितच जातो आणि हवा दमट ती दमटच. ऊन नसल्यामुळे एसी पाच-सात मिनिटांत खोली गार करून बंद पडतो. इतक्या थोड्या वेळात कॉइलवर पाणी साचतं, पण बाहेर वाहून जात नाही. त्यात पंखा ‘ऑटो’ऐवजी सतत चालू ठेवला असेल, तर कॉम्प्रेसर थांबल्यावर तेच पाणी वाफ होऊन परत खोलीत येतं. सकाळी पांघरूण ओलसर लागतं ते यामुळे. पंखा नेहमी ‘ऑटो’वर ठेवा. जुन्या छतावरच्या युनिटांत ती सोयच नसते, तिथे थर्मोस्टॅट बदलून घ्यावा. २५ फुटांच्या आतल्या ट्रेलरला दुसरा एसी लावायचा सल्ला डीलर हमखास देतो. आमच्या मते तो पैसा वाया. मोठा एसी आणखी लवकर बंद पडतो आणि ओलावा तसाच राहतो.

त्याआधी एक तपासणी कराच. आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेच्या तापमानात १६ ते २२ फॅरनहाइटचा फरक हवा. कमी असेल तर आधी फिल्टर धुवा. तरीही सुधारलं नाही, तर छताची जाळी उतरवून टॉर्चने आत बघा. थंड हवेची आणि परतीच्या हवेची बाजू वेगळी करणारा पडदा कारखान्यात कसाबसा चिकटवलेला असतो, कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट सहज सापडते. थंड हवा तिथूनच परत कॉइलवर जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि खोली मात्र गरमच. ही फट ॲल्युमिनियम फॉइल टेपने बुजवा. कापडी डक्ट टेपचा गोंद छताच्या उष्णतेत पाघळतो. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, पण इतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

एसीच्या जोडीला कॉम्प्रेसरवाला, दिवसाला २२ पाइंटचा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) घ्या. पाण्याची नळी थेट सिंकमध्ये सोडा, म्हणजे टाकी भरून मशीन बंद पडत नाही. ओलावा ५० टक्क्यांवर ठेवायचा, त्यासाठी ओलावा मोजणारा स्वस्तातला हायग्रोमीटर भिंतीला अडकवा. बिनकॉम्प्रेसरची, पेल्टियरवाली खेळण्यातली यंत्रं दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी काढतात, इथे ती निव्वळ शोभेची. गादी प्लायवूडवर थेट ठेवू नका, खाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घाला.

विजेचं गणित ज्याचं त्याने करावं, पण मराठी स्वयंपाकघराचं वेगळं सांगायला हवं. ३० अँपियर म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट. एसी चालताना १२-१३ अँपियर खातो, १,८०० वॉटची इंडक्शन १५. त्यात वॉटर हीटर विजेवर राहिला की आणखी १२, आणि ब्रेकर उडालाच. स्वयंपाकाच्या वेळी हीटर गॅसवर टाका. कुकर आणि फोडणी तर बाहेरच, ऑनिंगखाली, म्हणजे ट्रेलरच्या कडेला ताणायच्या छपराखाली. कुकरच्या दोन शिट्यांची वाफ आत सोडली तर डीह्युमिडिफायरला ती काढायला बराच वेळ लागतो, आणि मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंबलतो. (पोहे-पापड हवाबंद डब्यात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.)

उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू झाले की कॅम्पग्राउंडचा व्होल्टेज पडतो. १०४ व्होल्टच्या खाली वीज तोडणारा ईएमएस (विजेवर नजर ठेवणारं संरक्षक यंत्र) घ्या. नुसता सर्ज प्रोटेक्टर कमी व्होल्टेजपासून कॉम्प्रेसर वाचवत नाही. पेडेस्टलचा, म्हणजे कॅम्पच्या जागेवरच्या विजेच्या खांबाचा, ब्रेकर बंद असतानाच प्लग लावा-काढा. खाऱ्या हवेत पितळी पिनांवर हिरवट थर येतो, पकड सैल होते आणि प्लग वितळतो. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर पिना घासा नाहीतर प्लग बदला. पेडेस्टलचं झाकण उघडताना आधी आत नजर टाका, फायर अँट मुंग्यांना विजेच्या पेट्या फार आवडतात. केबल आणि पाण्याच्या नळीवरून त्या ट्रेलरमध्येही चढतात. केबल जमिनीला टेकते तिथे आणि जॅकभोवती मुंग्यांची पावडर टाकली की बहुतेक थांबतात.

मिठावर उपाय एकच, गोडं पाणी. किनाऱ्यावरून परतलं की त्याच दिवशी चेसिस, स्प्रिंग, जॅक आणि हिच (गाडीला अडकवायचा जोड) खालून धुवा. वाळल्यावर लॅनोलिनचा स्प्रे मारा, मात्र ब्रेक ड्रम आणि रबर सोडून. गाडीकडून ट्रेलरला वीज देणाऱ्या सात पिनांच्या कनेक्टरला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, नाहीतर ब्रेक आणि दिवे आलटून पालटून रुसतात आणि दोष वायरिंगवर जातो.

फ्रिज १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला असेल तर प्रश्नच नाही. गॅसवर चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज ९५ फॅरनहाइटच्या पुढे दमतो. मागच्या हवेच्या जाळीत छोटा पंखा लावावा लागतो आणि ट्रेलर सपाट उभा हवा. पाद्रे आयलंडच्या मालाकीट कॅम्पग्राउंडला हुकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी, नाही, त्यामुळे एसीही चालत नाही. तिथे ऑक्टोबर उजाडेपर्यंत जाऊ नये हे आमचं ठाम मत.

गूज आयलंडला दोन प्रकारच्या जागा आहेत. ओकच्या झाडीत सावली मिळते, एसी कमी राबतो, पण डास फोडून काढतात. खाडीकाठी वारा असतो, डास कमी, ऊन आणि मीठ पुरेपूर. मे ते सप्टेंबर झाडी, बाकी खाडी. बारीक चिलटं ट्रेलरच्या नेहमीच्या १८ बाय १६ च्या (इंचाला इतके धागे) जाळीतून आरामात आत येतात, २० बाय २० ची बसवून घ्या. बुकिंग ५ महिने आधी उघडतं, वीकेंड हवा तर त्याच दिवशी करा.

ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, उकाड्यात लवकर आंबतो. रिकामा केल्यावर आत ८-१० लिटर पाणी सोडा, झडप बंद ठेवा आणि फ्लश करताना छताचा पंखा बंद करा, नाहीतर टाकीतला वास खेचून वर येतो.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. २०१७ चं हार्वे २५ ऑगस्टच्या रात्री रॉकपोर्टजवळच, म्हणजे गूज आयलंडच्या दारातच, धडकलं. ट्रेलरवाल्यांनी निघण्याच्या आदेशाची वाट बघू नये. वारा ताशी ३५-४० मैलांवर गेला की ओढणं धोक्याचं. बोलिव्हार द्वीपकल्पावर असाल तर आणखी लवकर निघा. जोराच्या वाऱ्यात गॅल्व्हस्टनची फेरीबोट बंद होते आणि हाय आयलंडकडचा ८७ नंबरचा सखल रस्ता वादळ पोचायच्या आधीच पाण्याखाली जाऊ शकतो. विम्याचं कामही मे महिन्यातच उरकून घ्या. नाव दिलेलं वादळ गल्फमध्ये शिरलं की बहुतेक कंपन्या नवी पॉलिसी देत नाहीत आणि जुनीत बदलही करत नाहीत.